मेहुण्याने न विकलेला रेनकोट

माझ्या मेहुण्याने माझा रेनकोट विकून शिंदी प्यायली नव्हती. तो कोट मी एसटीत मुद्दाम ठेवून उतरलो होतो. अडतीस वर्षांत हे मी कुणापाशीही बोललो नाही.

यंदा अधिक श्रावण आला तेव्हा धाकटी लेक आणि नवा जावई यांना आम्ही धोंड्याच्या जेवणाला लातूरला बोलावलं. बाहेर पाऊस लागलेला. ताटात पुरणाचे धोंडे वाढता वाढता बायकोने जावयाला विचारलं, काय घ्यायचं तुम्हाला? तो चेष्टेने म्हणाला, "आई, एक रेनकोट द्या. भिजतच आलोय."

बायको हसली. "रेनकोट सोडून कायबी मागा. आमच्या बापानं जावयाला दिलेला रेनकोट माझ्या भावानं विकून पिला."

लेक हसली, जावई हसला. जुन्या गमतीला हसतात तसे. माझ्या हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं ही गोष्ट घरात कुजबुजून बोलली जायची. आता ती जेवताना सांगायची गंमत झाली होती. उद्या ती जावयाच्या घरी जाईल, नातवंडांपर्यंत जाईल, आणि मेहुण्याला ज्यांनी कधी पाहिलंही नाही ते त्याला शिंदीबाज म्हणून ओळखतील.

तेव्हाही धोंडा, म्हणजे अधिक महिना, श्रावणातच होता. लग्नाला वर्ष झालेलं, मी लातूरला सरकारी ऑफिसात कारकून. सासरे धर्माबादच्या मोंढा बाजारात मिरचीचे आडते. माणूस शिस्तीचा, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा. त्यांनी धोंड्याच्या सुरुवातीला मला कपड्यांबरोबर एक रेनकोट दिला. जुन्या पद्धतीचा, घोट्यापर्यंत लांब, बाहेरून खाकी कापड, आतून काळं रबर, वर वेगळी टोपी. मोंढ्यातले मोठे आडते, डॉक्टर, हेडमास्तर असेच कोट घालत. कुणाच्या ओसरीत खुंटीवर असा कोट ठिबकत असला की घरात मानाचा माणूस आलाय हे रस्त्यावरून कळे. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने तो माझ्या अंगावर चढवला, बटणं लावली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

लातूरला ऑफिसात मी तो घालून गेलो तेव्हा माझ्या वयाच्या सगळ्यांकडे नायलॉनचे जाकीट-पँट आले होते. निळे, लाल, घडी केली की शबनममध्ये मावणारे. मला दारात बघून एकजण ओरडला, "टपाल आलं रे! आमचं काही पत्र?" दुसरा म्हणाला, "मनीऑर्डर असली तर आधी सांग." दोन आठवडे रोज हेच. पाऊस आला की मला आधी त्या दाराची भीती वाटायची.

महिना संपताना वाणाच्या जेवणासाठी सासऱ्यांनी मला पुन्हा बोलावलं. बायको तिथेच होती, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. मी एसटीने एकटा निघालो. कोट वरच्या फळीवर ठेवला, आणि धर्माबादला तो तिथेच ठेवून उतरलो. गाडी पुढे बिलोलीला मुक्कामाला जाणार होती. हरवला म्हणून सांगायचं, विषय संपला, असं ठरवलं होतं. मेहुणा स्टँडवर घ्यायला आला होता. बावीस वर्षांचा पोरगा. माझी पिशवी त्याने घेतली आणि मला म्हणाला, "दाजी, तुम्ही व्हा पुढं. मी गोदामाला कुलूप लावून आलोच."

घरी पोचलो तर सासरे दारातच. "भिजून राहिलाव की! कोट कुठंय?"

हरवला, हा शब्द तोंडात तयार होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो बाहेर पडेना. मी म्हणालो, "सामानाबरोबर स्टँडवर तुमच्या मुलाजवळ दिलाय."

अर्ध्या तासाने मेहुणा आला. हातात फक्त पिशवी. गेल्या उन्हाळ्यात तो एकदा मित्रांबरोबर शिंदीच्या बनात सापडला होता, ते सासरे विसरले नव्हते. त्यांनी विचारलं, "दाजींचा कोट काय केलास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"इतका उशीर कुठं व्हतास? इकला काय? इकून पिलास?" सासरे पुढे झाले. "गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांग, दाजींनी तुला कोट दिला न्हाई म्हणून. सांग, मी इस्वास ठेवतो."

त्याचा हात अर्धा वर गेला. मग बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पोटावर हात धरून, आणि त्याने हात खाली घेतला. सासऱ्यांनी त्याच्या करगोट्याला बांधलेल्या गोदामाच्या किल्ल्या स्वतः सोडून घेतल्या.

त्या पुन्हा त्याला मिळाल्या नाहीत. सासरे गेले तेव्हा दुकान त्यांच्या पुतण्याकडे होतं. मेहुणा त्याच मोंढ्यात दुसऱ्यांच्या आडतीवर मापाडी म्हणून उभा राहिला, जन्मभर पोती तोलत. बायकोने त्या वर्षापासून त्याला हाताने राखी बांधली नाही. टपालाने पाठवायची. मी शेजारी बसून पाकिटावर पत्ता लिहून द्यायचो.

जावई परत गेला आणि मी ठरवलं, तसाच कोट विकत घ्यायचा, धर्माबादला जायचं, त्याच्यासमोर ठेवायचा आणि बोलायचं. रिकाम्या हाताने बोलता येणार नाही असं वाटत होतं.

लातूरच्या गंजगोलाईत चार दुकानं फिरलो. दुकानदारांना कोट शब्दाने समजावता येईना, हाताने घोट्यापर्यंत दाखवावं लागलं. एकाने गल्ल्यावरून न उठताच सांगितलं, "भंगारवाल्याकडं बघा." मग नांदेडला गेलो, वजिराबादेत. तिथला दुकानदार माझ्याच वयाचा होता, म्हणून आशा वाटली.

"साहेब, तसला कोट आता पिक्चरमधला इन्स्पेक्टर बी घालत न्हाई. लोकान्ला स्कूटीवर बसाया जाकीट-पँट लागतंय. हे बघा." त्याने मुठीएवढी एक पुडी माझ्यापुढे टाकली. पातळ, आरपार दिसणारं प्लास्टिक. "एक पावसाळा काढा अन् फेका."

"आणि चांगला, टिकाऊ?"

"टिकून काय करायचंय?" तो म्हणाला. "तुमच्याआमच्या वयाच्यांनीच तर सोडला की तो कोट."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. रस्त्यावरून माणसं चालली होती, रंगीत जाकिटांत, प्लास्टिकमध्ये, काही नुसतीच भिजत, मोबाईल तेवढा पिशवीत बांधून. तासाभरात एकही लांब कोट दिसला नाही. माझा एकट्याचा गुन्हा एवढा मोठा, आणि तो ज्या वस्तूपायी केला ती वस्तू सगळ्यांनीच कधीतरी सहज टाकून दिली होती. कुणालाही त्याची किंमत मोजावी लागली नव्हती.

रिकाम्या हातानेच धर्माबादला गेलो.

मेहुणा घरी होता. गुडघे गेलेत, आता मोंढ्यात जात नाही. "या दाजी! ताई न्हाई आली?" म्हणाला. चहा झाला. मी सुरुवात केली, "तुला एक सांगायला आलोय. तो कोट..."

"थांबा," तो म्हणाला आणि भिंत धरत आत गेला. पत्र्याच्या पेटीची कडी वाजली. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने गाठ सोडली. पावडरचा वास आला. खाकी कापड, काळं रबर. तोच कोट.

मी बोट लावून पाहिलं. घडीवर रबर तडकलं होतं, पण चिकटलं नव्हतं. असा कोट मिटून ठेवला की रबर रबराला धरतं. हा कुणीतरी दरवर्षी उघडून, वाऱ्यावर टाकून, पावडर मारून ठेवलेला होता.

"दुसऱ्याच दिशी बिलोलीहून आणला," तो म्हणाला. "कंडक्टर वळखीचा व्हता. म्हणला, तुमच्या दाजींना मी हाक मारली, साहेब कोट राहिला. त्यांनी मागं बघितलं अन् चालाय लागले."

ही हाक मी वर लिहिलेली नाही. ती मला ऐकू आली होती.

"तुला माहीत होतं? मग आण का घेतली नाहीस?"

"घेतली असती तर खोटं कोण ठरलं असतं? धोंड्याला आलेला जावई. ताई तशी पोटुशी, तिनं कुठं तोंड दाखवलं असतं? अन् कोट हाती आल्यावर तर आनखीच गप बसावं लागलं." तो कोटावरून हात फिरवत होता. "पण एक सांगा दाजी. कशापायी सोडला?"

मी खरं सांगितलं. "ऑफिसात हसायचे. पोस्टमन म्हणायचे."

त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी बापासमोर पाहिलं होतं तसंच.

"एवढ्यापायी?"

मी मान डोलावली.

"मला वाटायचं, लई मोठी अडचण असंल. दाजी कुठंतरी फसले असतील, कुणाला सांगता येत नसंल. अडतीस वर्सं मी तेच धरून बसलो. हसत व्हते म्हणून, दाजी?"

त्याने कोट माझ्या मांडीवर टाकला. "घेऊन जा. आता माझ्यानं हा घरात ठेववत न्हाई."

लातूरला पोचलो तेव्हा बायको दारात होती. कोट तिने लगेच ओळखला. "हा कुठं घावला?" मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं, कंडक्टरच्या हाकेसकट. तिने शेवटी एवढंच विचारलं, "धर्माबादची गाडी किती वाजता हाय?"

"सकाळी सातला. मी पण येतो."

"तुम्ही न्हाई."

सकाळी पाऊस होता. तिने पिशवी भरली, त्यात एक राखी ठेवली आणि तो कोट लुगड्यावरून चढवला. बाह्या बोटांच्या खाली, घेर जमिनीला टेकत. मी मागोमाग फाटकापर्यंत गेलो. रिक्षावाला तिला बघून हसला. "मावशी, पोस्टात लागल्या काय?"

"हसू नको," ती म्हणाली. "माझ्या भावानं जपलेला हाय."

आणि मागे न बघता रिक्षात बसली.