महाराजांच्या फेट्यावरचं कुंकू

आपल्या ऑनलाइन कम्युनिटीतल्या शिवाजी पेठेच्या मंडळींनो, आपल्या घरातल्या जुन्या वस्तू कुणीतरी गोड बोलून नेतं आणि आपण त्यालाच चहा पाजतो.

आज शेजारच्या आक्काताईंकडं महाराजांचं तळहाताएवढं जुनं चित्र दुरुस्त होऊन परत आलं; दुरुस्तीवाला स्वतः घेऊन आला आणि आक्काताईंनी त्याला चहा दिला. दर दसऱ्याला चित्रावरच कुंकू लावायची त्यांच्याकडं पद्धत, त्यामुळं फेटा लालसर झाला होता. आज तो पांढराशुभ्र दिसला.

"कुंकू कुठं गेलं?" मी विचारलं.

"साफ केलं की, साहेब," दुरुस्तीवाला म्हणाला.

"पावणं, कुंकू गेलं आणि खालचा रंग तेवढा ऱ्हायला व्हय?" आक्काताई म्हणाल्या. "कुंकवाखालच्या रंगातच माझ्या सासूच्या बोटाचा ठसा उमटला हुता, त्यो बी न्हाई."

तो चहा अर्धा टाकून उठला.

मला संशय आहे, त्यानं नक्कल आणून दिली, खरं चित्र त्याच्याकडंच आहे. त्याच्याकडून चित्र दुरुस्त करून घेतलेल्या प्रत्येकानं रविवारी सकाळी ते तपासून बघायला आमच्या तालमीत घेऊन यावं.