हिरामणचा बरोबरीचा डाव

हिरामण गेल्याचा निरोप गावाकडून, मुर्रीहून आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला... माझा चुलत भाऊ, माझ्याहून बराच लहान. बुद्धिबळ त्याला मी शिकवलं असं मी अजून सांगतो. खरं म्हणजे एका उन्हाळ्यात तो माझ्यापुढं गेला, आणि त्याच्या डावात माझं काम चहा सांगण्यापुरतं उरलं.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत गोंदियात सामने भरले, तेही विलायती नियमांनी. पहिला येईल तो नागपूरला खेळायला जाणार होता. हिरामणला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकांनी, बांधावरूनच निकाल दिला, "जिंकला तं जाय. नाई तं नांगर धर."

शेवटचा डाव एका वकिलाशी होता. आमच्या खेळात प्यादं एकेक घर चालतं. हिरामणनं विचारपूस करून नवी सुरुवात घोकली होती. राजापुढचं प्यादं त्यानं एकदम दोन घरं टाकलं, तेव्हा मुर्रीची मंडळी कुजबुजली, "हा लबाडी करून राहिला का?" दुपारपर्यंत वकिलाकडे राजा आणि एक प्यादं उरलं, हिरामणकडे राजा आणि हत्ती. वकिलाचं प्यादं हत्तीच्या माऱ्यात होतं. पण आमच्याकडे समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे बरोबरी. म्हणून शेवटचं मोहरं मारायचं नाही, ते जपत जपत मात करायची. नव्या नियमांत बुर्जी नव्हतीच, प्यादं मारलं असतं तर डाव हिरामणचाच होता. सुरुवातीचं सगळं त्यानं विचारलं होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मी तर त्याच्या संयमावर मान डोलवत होतो. प्यादं सरकत सरकत शेवटच्या घरात पोचलं, वजीर झालं. त्याला मारण्यात हत्ती गेला. पटावर दोन एकटे राजे. पंच म्हणाले, "बाजी बराबर." वकील आधीच अर्ध्या गुणानं पुढं होता, तेवढ्यानं पहिला नंबर त्याचा झाला.

"बरोबरी झाली, बाबा."

"म्हंजे जिंकला नाई."

"नाई."

"मंग उद्या कापणीले ये."

तो कापणीला गेला. पुढं मी पट मांडला की म्हणायचा, "तुमी खेळा दादा, मी पायतो." आणि पाहायचाही नाही.

यंदा ताप धरला तो सुटलाच नाही... आंघोळ घातल्यावर काका आत गेले आणि पांढरा सदरा घेऊन आले. नागपूरसाठी शिवलेला, घडीसुद्धा न मोडलेला. "हा घाला त्याले." मी म्हणालो, काका, हा तेव्हाच्या मापाचा, आता कसा होईल? आम्ही घातला. अंगावर ढगळ झाला.