लिवाच्या वाळूत आमचा कोरियन वेस्टर्न

लिवाला आम्ही वाळवंट बघायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकते. इतकी वर्षं दुबईत काढल्यावर वाळूचं कौतुक उरत नाही; ती बाल्कनीत येते आणि रोज पुसावी लागते. आम्ही गेलो ते सईसाठी. सई आमची एकुलती एक मुलगी. तिला सोलच्या एका फिल्म कॉलेजात प्रवेश हवा होता, त्यासाठी एक छोटी फिल्म करून पाठवायची होती आणि रविवार हा शेवटचा दिवस होता. प्रसादनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला एकच संधी दिली होती. निवड झाली तर जा, नाहीतर पुण्याला इंजिनिअरिंग, खलास. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं की काहीही झालं तरी ही फिल्म होणार.

सईला वेस्टर्न करायचा होता, पण कोरियन पद्धतीचा. ती पहिल्यांदा ‘मांचुरियन वेस्टर्न’ म्हणाली तेव्हा मी विचारलं, ड्राय की ग्रेव्ही? तिनं कपाळाला हात लावला आणि माझी शिकवणी सुरू केली. कोरियन लोकांनी अमेरिकन सिनेमातले घोडे, टोप्या, आगगाडीवरचे दरोडे सगळं उचललं आणि नेऊन ठेवलं मांचुरियात, त्यांचा स्वतःचा देश जपानच्या ताब्यात होता त्या काळात. तिथे चोर परका, त्याला पकडणाराही परका. खजिन्यामागे सगळे जिवाच्या आकांतानं धावतात आणि मारामारी ऐन रंगात आली की कुणीतरी धपकन पडतं. असे सिनेमे बघता बघता मी पार नादावले. रुबाबदार हीरोपेक्षा तो पडणारा, रडणारा आणि तरी उठून पुन्हा पळणारा माणूस मला जास्त आवडायला लागला.

‘नोबडी बिलाँग्ज देअर, आई,’ सई म्हणाली. ‘लाइक अस.’

दुबईतल्याच अल कुसैसमध्ये लहानाची मोठी झालेल्या मुलीनं हे इतक्या सहज म्हणावं याचं मला वाईट वाटलं. पण ती कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोजत होती, म्हणून मीही थालीपिठं बांधायला घेतली.

शनिवारी पहाटे निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, लिवा अबू धाबीच्या दक्षिण टोकाला, दुबईहून चारेक तासांवर आहे आणि रस्ता शेवटपर्यंत गुळगुळीत. साधी सेडान चालते, फक्त डांबर सोडायचं नाही. मोहम्मद बिन झायद सिटीत करक, म्हणजे इथला दुधाळ कडक चहा प्यायलो. पेट्रोल मदिनत झायदला भरून घ्या, पुढे पंप कमी आहेत. तिथेच, टाकी भरत असताना, तबेल्यातून फोन आला. आम्ही ठरवलेला घोडा येणार नव्हता. वारा सुटलाय, जनावर बाहेर काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रसादनं लगेच घड्याळ बघितलं. आत्ता वळलो तर जेवायला घरी, असं तो म्हणाला आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद मला स्पष्ट ऐकू आला. मागच्या सीटवर सई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, घोडा नाही तर नाही, रस्त्यानं इतके उंट दिसतायत ते काय शोभेला आहेत? यल्ला, चल, गाडी काढ.

लिवातल्या मझेरा गावात एका गेस्ट हाऊसमध्ये खोली घेतली. तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये, असं प्रसादनं सवयीनं मोठ्यानं सांगितलं. खोली स्वच्छ, समोर खजुराची बाग आणि शेजारी केरळी हॉटेलात गरम पोरोटा. दुपारी तल मोरीबला गेलो. ही वाळूची टेकडी फोटोत दिसते त्यापेक्षा अंगावर येते, मान वर करून बघावं लागतं. पण वारा असा की डोळे उघडवेनात, आणि सईनं जे काही टिपलं त्यात नुसती पिवळी धूळ आली. मी रात्री कॅमेरा पुसून दिला आणि तिला झोपायला लावलं.

रविवारी सकाळी वारा पडला होता. मोरीबच्या रस्त्यावर उंटांचा एक गोठा दिसला. तिथले बशीरभाई पेशावरकडचे. त्यांनी मालकाला फोन लावला, मालकानं हसत परवानगी दिली, आणि माझ्यासाठी एक उंटीण बसवण्यात आली. आमची गोष्ट अशी होती: मी दरोडेखोर, प्रसाद माझ्या मागावरचा शिकारी आणि खजिना म्हणजे भाकरवडीचा स्टीलचा डबा. खेळण्यातलीसुद्धा बंदूक नको, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. माझ्या कमरेला उलथनं होतं आणि प्रसादच्या हातात लाटणं, जे तो ऑफिसची फाइल धरावी तसं धरून उभा होता. उंटावरून रोखून बघायचं, बोलायचं नाही, असं सईनं मला बजावलं होतं.

उंट आधी मागचे पाय उचलतो, हे मला ठाऊक नव्हतं. ‘बाजी, पीछे झुको,’ म्हणजे ताई, मागे झुका, असं बशीरभाई ओरडत होते आणि मी दुचाकीवर बसल्यासारखी पुढे वाकले. पुढच्या क्षणी मी वाळूत होते.

‘आई गं!’

प्रसाद धावत आला. सई जागची हलली नाही. पोरीला आईची काही पडलेली नाही असं वाटून मला राग आला, तोवर ती कॅमेऱ्यामागून म्हणाली, ‘आई, से इट अगेन.’

मग तिनं समजावलं. कोरियन लोकही पडल्यावर, दुखल्यावर, दमल्यावर ‘आइगो’ म्हणतात. आम्ही इतक्या सिनेमांत तो शब्द ऐकला होता आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. दोन्ही शब्दांचं नातं काही नसावं, निव्वळ योगायोग, पण सोलमधल्या परीक्षकांना सबटायटलची गरज पडणार नव्हती. सईनं तिथल्या तिथे गोष्ट बदलली. फिल्मभर कुणी दुसरं काही बोलणार नाही, फक्त हा एक शब्द. मी पुन्हा उंटावर चढले, या वेळी मागे झुकून. पाठलागात धापा टाकत आई गं, उलथनं लाटण्यावर आपटल्यावर आई गं, डबा हाती लागल्यावर खुशीत आई गं. माझा गुडघा सुजला होता, पण सई म्हणेल तितक्या वेळा मी पळाले.

शेवटचा शॉट प्रसादचा होता. मी पळून गेलेय, डबा त्याच्या हातात आहे, तो उघडतो आणि डबा रिकामा. तोवर प्रसाद सगळं हसण्यावारी नेत होता. या वेळी त्यानं झाकण काढलं, आत बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘आई गं.’

तो डबा माझ्या सासूबाईंनी भरून पाठवलेला शेवटचा डबा होता. त्या गेल्या तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती आणि प्रसादला जाता आलं नव्हतं. तेव्हा तो रडला नव्हता. इथे, डोक्यावर डिस्काउंट सेंटरमधली काउबॉय टोपी घालून, वाळूत बसून रडला. सईनं ‘कट’ म्हटलं नाही. नंतर मात्र तिनं त्याला विचारलं, हे ठेवू का? त्यानं होकारार्थी मान हलवली आणि डबा रुमालानं पुसून बॅगेत ठेवला.

परतीला मदिनत झायदच्या एका कॅफेत सईनं फिल्म जोडली. नेटवर्क रखडत होतं, पण संध्याकाळ व्हायच्या आत फिल्म गेली. घरापर्यंत गाडी मीच चालवली, सुजलेल्या गुडघ्यानं, कारण बापलेक मागे एकमेकांवर रेलून झोपले होते.

गेल्या आठवड्यात निवड झाल्याचा मेल आला. मी जिद्दीनं मिळवलं ते हे, की माझी मुलगी आता घरातून जाणार. मला आनंद झालाय आणि तिनं जाऊ नये असंही वाटतंय, दोन्ही खरं आहे. लिवाला जरूर जा. हिवाळ्यात जा आणि उंटावर मागे झुका. मेल आला त्या संध्याकाळी सई प्रसादजवळ येऊन बसली आणि या घरात ती क्वचितच बोलते त्या मराठीत म्हणाली, ‘बाबा, मला सोडायला येशील ना?’

इथे काहीही टाळायचं असलं की आम्ही सगळे ‘इन्शाल्ला’, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं म्हणून मोकळे होतो, प्रसाद तर सगळ्यांत आधी. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

‘इन्शाल्ला नाही,’ तो म्हणाला. ‘नक्की येतो.’