भडंगाच्या पुडीतला सुभेदार

फोन उचलला की हवालदार आधी रिसीव्हरमध्ये दोनदा फुंकर मारायचे, नखाने टकटक करायचे आणि मग म्हणायचे, "लाइन साफ हाय. बोला." पलीकडचा माणूस तोवर तीनदा हॅलो म्हणून वैतागलेला असायचा. पुढेपुढे त्यांना फोनचीही गरज उरली नाही. चहा जमला, लाइन साफ हाय. आभाळ निवळलं, लाइन साफ हाय. कुणाचं अडलेलं लग्न ठरलं तरी पेढा तोंडात टाकून तेच.

असा एखादा निवृत्त फौजी तुमच्याही गल्लीत असेल. आमचे हवालदार माण तालुक्यातले. वीस वर्षं फौजेत टेलिफोनच्या तारा ओढल्या, गुडघा दुखावून घरी आले आणि सांगलीत एसटीडीचं बूथ टाकून बसले. बूथच्या परवान्यावर त्यांचं नाव होतं, पण ते कधी कुणी वाचलं नाही.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, थेट फोन घरोघर पोचले होते आणि आमच्या ट्रंक कॉलच्या टेबलावर माशा मारण्याइतकंच काम उरलं होतं. म्हणून मला तक्रारींच्या खिडकीवरही बसवत. एका रविवारी एका लाइनवर विचित्र आवाज ऐकला. आधी शिट्टी, मग तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर. लाइन सातारला लागलेली, पण बोलत कुणीच नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ड्युटी संपल्यावर मी पत्ता शोधत गेले.

"तुमच्या लाइनवर आवाज कसला येतो?" मी सरकारी स्वरात विचारलं.

"लढाई चाललीया," हवालदार शांतपणे म्हणाले. "सातारचा टँक आन् आपला टँक. बगायचंय?"

बूथच्या मागच्या खोलीत पाच कॉम्प्युटर होते. प्रत्येकाभोवती प्लायवूडचा आडोसा आणि पुढे पडदा. त्यांपैकी एक फोनच्या तारेला जोडलेला. सातारला त्यांच्याच पलटणीतल्या दोस्ताने असंच बूथ आणि अशीच खोली थाटली होती. रविवारी एसटीडीचा दर निम्मा, म्हणून रविवारी दुपारी कॉम्प्युटरच्या खेळात दोन गावांची लढाई. मी पाच मिनिटं बघायला बसले आणि दोन तासांनी उठले. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत माझा डबा तिथेच उघडू लागला.

पण बसण्याआधी फॉर्म. फौजेत भरती होतो तसा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मुक्काम पोस्ट, नोकरी, ओळखीची खूण. मग एक टोपणनाव आणि एक परवलीचा शब्द. सातारशी लढताना आधी फोनवर परवली सांगायची, ती जुळली तरच तिकडचे त्या नावाशी लढायचे.

"खेळायला ओळखीची खूण कशाला?" मी विचारलं.

"मानूस हरवला तर वळखायचा कसा?" हवालदार म्हणाले. एवढ्याशा खोलीत माणूस हरवणार कुठे, हे विचारायची सोय नव्हती.

मी टोपणनाव घेतलं सुभेदार. परवली कोयना, कारण माझं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. वर्षभरात सुभेदाराचं नाव ऐकलं की सातारकरांची पाचावर धारण बसायची. सुभेदार म्हणजे मिशाळ, दणकट गडी असणार अशी दोन्ही गावांची खात्री होती. मी पडद्याआड लोणच्याचं बोट चाटत हसायची. घरात, ऑफिसात मला कुणी भ्यालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. खरं सांगते, फार बरं वाटायचं.

माझ्यासारखेच बाकीचे. एकूण एकतीस जण. शेजारच्या आडोशातला मनीमाऊ म्हणजे तालमीतला पैलवान आहे, आणि डाकू म्हणजे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, हे मलाही माहीत नव्हतं. एसटीडी बूथमध्ये माणूस शिरला तर फोन करायला गेला असंच जग समजायचं. सगळी गुपितं हवालदारांपाशी होती, आणि त्यांच्यावर आमचा डोळे मिटून विश्वास होता.

आता चूक कशी झाली ते ऐका. फौजेत प्रत्येक यादी तीन प्रतींत काढतात, म्हणून हवालदारांनीही आमची यादी, माणशी एक पान, तीन प्रतींत छापली होती. एक कपाटात, एक ट्रंकेत, तिसरी कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शनिवारी ते स्वतःच्याच खोलीची तपासणी करायचे. अशाच एका शनिवारी तिसऱ्या प्रतींचा गठ्ठा त्यांच्या डोळ्यांत खुपला. लांबलचक, जाड, एका बाजूने कोरा कागद. वाया घालवायचा कसा? कोपऱ्यावरच्या भडंगवाल्याला त्यांनी तो उचलून दिला. वर सांगितलं, "कोरी बाजू आत ठेव. मालाला शाई लागाय नगं."

भडंगवाल्याने आज्ञा पाळली. कोरी बाजू आत गेली आणि आम्ही सगळे बाहेर आलो.

चार वाजता एक्स्चेंजमध्ये भडंग आलं. लसणाचा वास सुटला. शेजारच्या ऑपरेटरने पुडी हातात फिरवली, थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. सुभेदार. पुढे माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, परवली कोयना. मग तिने मान वर करून माझ्या डाव्या भुवईकडे पाहिलं. सगळ्या टेबलाने पाहिलं.

"काय सुभेदार, आज मोहीम कुठं?" साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तेवढंच वाक्य सापडलं. मी ती पुडी हिसकावून पर्समध्ये कोंबली. घरी आईच्या कानावर संध्याकाळच्या आत गेलं. "एवढी नोकरी करतेस आणि टँक चालवतेस?" ती म्हणाली. प्राध्यापकांच्या फळ्यावर पोरांनी डाकू लिहून ठेवलं. पैलवानाला तालमीत जो तो म्याव करू लागला.

आठवड्याभरात हवालदारांची खोली ओस पडली. मुख्य रस्त्यावर नुकतंच एक नवं गेम पार्लर निघालं होतं. गार हवा, फिरत्या खुर्च्या, आणि मुख्य म्हणजे फॉर्म नाही. नाव नाही, गाव नाही, चार नंबरवर बसा. आमची अख्खी फौज तिकडे गेली. मीही एकदा गेले.

गेले ते बरं झालं. त्यांनीही सातारला तार जोडली होती. चार नंबरवर एक अनोळखी माणूस सुभेदार या नावाने खेळत होता. एक्स्चेंजमध्ये मोठ्याने वाचलेली परवली त्याच्याही कानावर गेली असणार. माझ्या डोळ्यांदेखत तो पाच वेळा हरला, हसला आणि उठून गेला. पार्लरच्या मालकाला मी म्हटलं, हे नाव दुसऱ्याचं आहे. तो म्हणाला, "आम्ही नावं विचारत नाही मॅडम." तिथे कुणी कुणाला ओळखत नव्हतं. त्यासाठीच तर आम्ही गेलो होतो. पण माझं नाव तिथे कुणीही अंगावर चढवावं आणि उतरवून टाकावं असं झालं होतं, आणि मला रडू आलं.

राग मात्र हवालदारांवरच होता.

त्यांनी लपवालपवी केली नाही. दोन दिवस ते भडंगवाल्याच्या गाडीशेजारी स्टूल टाकून बसले आणि गिऱ्हाइकाचं खाऊन होईतो थांबून रिकामी पुडी हात पुढे करून मागू लागले. एकतीस नावांपैकी तीस नावांचे कागद मिळाले. मग मेडल लावलेला कोट घालून ते एकेकाच्या दारी गेले. ताठ उभं राहून म्हणायचे, "चूक माजी हाय. माज्या हातनं गेलं. शिक्षा सांगा."

पैलवान घुश्शात म्हणाला, "दोनशे बैठका मारा." हवालदारांनी कोट काढून खुंटीला लावला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यावर बैठका सुरू केल्या. बाराव्या बैठकीला पैलवानानेच त्यांना बखोटीला धरून उचललं. "आवं, खरंच मारताय व्हय?" प्राध्यापकांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि चहा टाकायला सांगितला. बहुतेकांनी मात्र दारातूनच वाटेला लावलं.

माझ्या खिडकीशी आले तेव्हा मी फळी ओढून घेतली. शिक्षासुद्धा सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या नंबरवर फोन वाजला. दोन फुंकरी, टकटक. "लाइन साफ न्हाई. रिपोर्ट करतो." मी तक्रार लिहून घेतली, लाइन तपासली. ठणठणीत होती. रोज अकरा वाजता तोच फोन, तेच शब्द, पुढे एक अक्षर नाही. पाचव्या दिवशी लाइन तपासायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. तक्रार कुठल्या लाइनची होती ते मला उशिरा कळलं.

"अजून काही?" मी विचारलं.

"येत्या ऐतवारी सातारशी सामना हाय. बाराला पाच गडी बसलं न्हाईत तर दोस्त तार कायमची नव्या पार्लरला देनार हाय. त्याचं बी बराबर हाय. मी बोलवत न्हाई, ऑपरेटरबाई. रिपोर्ट करतो."

रविवारी बाराला दहा कमी असताना मी बूथवर पोचले. आई मागोमाग आली होती, बघू तरी काय आहे ते, असं म्हणत. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ओळखच पटेना. प्लायवूडचे आडोसे, पडदे सगळं गेलं होतं. पाच खुर्च्या उघड्यावर. पैलवान बसला होता. प्राध्यापक बसले होते, आणि त्यांच्या शेजारी फळ्यावर डाकू लिहिणारेच दोघे विद्यार्थी. पाचवी खुर्ची रिकामी.

हवालदार कोट घालून फोनपाशी उभे होते. मला बघून त्यांनी रिकामी खुर्ची बाहीने पुसली.

"फॉर्म द्या," मी म्हटलं.

"आता फॉर्म न्हाई ठिवला, बाई."

"मग कागद द्या."

कोऱ्या कागदावर मी माझं पूर्ण नाव लिहिलं. टोपणनावाच्या जागी सुभेदार लिहिलं. परवलीच्या जागी रेघ मारली. हवालदारांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, फोन लावला, दोनदा फुंकर मारली आणि सातारला आमची पाच नावं वाचून दाखवली. खरी नावं. माझं नाव ऐकताच पलीकडून दोस्ताचा आवाज आला, "सुभेदार बाई हाय?"

"व्हय," हवालदार म्हणाले. "आन् लय वाईट हाय."

पैलवान जिंकला, प्राध्यापक हरले. एक विद्यार्थी जिंकला, एक हरला. दोन दोन. शेवटची लढाई माझी. तोवर बातमी फुटली होती. नव्या पार्लरमधून आमचे जुने गडी एकेक करून येऊन दारात उभे राहिले होते. समोरचा सातारकर तयारीचा होता, पहिल्या फेरीतच त्याने माझा टँक निम्मा फोडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तारेवरून येणारं त्याचं चित्र अर्ध्या श्वासाने मागे पडत होतं. ट्रंकच्या लाइनवर बोलताना तो अर्धा श्वास मी आठ वर्षं ऐकत आले होते. मग मी तो दिसतोय तिथे मारणं सोडलं आणि तो पोचणार तिथे मारू लागले. तीन गोळ्या. तिसऱ्याला सातारचा टँक चारी मुंड्या चीत.

खोलीत जो आरडाओरडा झाला तो कृष्णेच्या घाटापर्यंत गेला असेल. पैलवानाने हवालदारांना खांद्यावर घेतलं. आई भेटेल त्याला सांगत होती, "माझी मुलगी. सुभेदार ती."

सगळं निवल्यावर हवालदारांनी पत्र्याचा डबा मध्ये ठेवला. फौजेत गुप्त कागद जाळून टाकतात, म्हणाले. जमवलेल्या पुड्यांवरचं एकेक नाव त्यांनी पुकारलं. ज्याचं नाव, तो "हजर" म्हणून पुढे येई आणि आपला कागद स्वतःच्या हाताने डब्यात टाकी. दारातले गडीही आत आले. त्या दिवशी नव्या पार्लरच्या फिरत्या खुर्च्या रिकाम्याच फिरल्या असतील. शेवटी माझं नाव आलं. मी हजर म्हटलं, पण पर्स उघडली नाही.

"तुमची पुडी काय गावली न्हाई," हवालदार म्हणाले.

"माझ्याकडे आहे. देणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. "लाइन साफ हाय," म्हणाले.

पुढे घरोघर कॉम्प्युटर आले, बूथ ओस पडली. हवालदार गावी गेले, शेळ्या घेतल्या. दर रविवारी बाराला त्यांचा फोन यायचा. दोन फुंकरी, टकटक, मग शेळ्यांच्या बातम्या. मी सासरी आले तरी नंबर बदलू दिला नाही.

एका रविवारी बाराला फोन वाजला. दोन फुंकरी झाल्या, टकटक झाली आणि पुढे काहीच येईना. मग बाईमाणसाचा आवाज आला. त्यांच्या मंडळी होत्या. त्यांनी उभ्या जन्मात मला कधी फोन केला नव्हता. "ताई," त्या म्हणाल्या, "हे म्हनायचे, आदी फुकायचं आन् मग बोलायचं. बराबर केलं न्हवं मी?"

पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. पण त्यांना बोलायचं होतं, आणि आता ऐकायची पाळी माझी होती. मी खुर्ची ओढून बसले.

"लाइन साफ हाय, वहिनी," मी म्हटलं. "बोला."