लेकीची घरातली दोन वर्षं

लेक आठ वर्षांची असताना आम्ही तिला तालुक्याच्या गावी, जोयड्याला वसतिगृहात ठेवलं. आमची वाडी गुंदच्या पुढं, रानात. मुलं कमी पडली म्हणून वाडीतली शाळा बंद झाली होती आणि दुसरी शाळा तिच्या पायांना झेपेल एवढ्या अंतरावर नव्हती. वसतिगृह चांगलं होतं, तिथल्या बाई मायेनं वागवायच्या. पण तिसऱ्या महिन्यात त्यांचाच फोन आला. पोर जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर खिडकीशी बसून असते.

मी आणि तिचे बाबा जाऊन तिला घेऊन आलो. अंगणात माझे सासरे कुदळीला दांडा बसवत होते. "आलीस? चल, कणग्या खणायच्या हायत," एवढंच म्हणाले. ती तशीच, शाळेच्या कपड्यांत, त्यांच्या मागून कंद खणायला गेली. संध्याकाळी तिनं दोनदा भात मागून घेतला. ते बघून मी ठरवलं, हिला इतक्यात परत पाठवायची नाही.

तिच्या बाबांना ते पटेना. "घरात बसवून काय शिकवणार तू? तुझी शाळा खानापूरकडची, मराठीतली. हिची कन्नड."

त्यांचं खरं होतं. मला कन्नड बोलता येत होतं, पण त्या गोल गोल अक्षरांतलं एकही ओळखता येत नव्हतं.

"मी शिकते," मी म्हणाले.

"कुणाकडनं?"

"हिच्याकडनंच."

आणि तसंच झालं. गुरं रानात सोडली, चुलीवरचा भात उतरवला, की आम्ही दोघी पडवीत पाटी घेऊन बसायचो. ती माझा हात धरून अक्षर गिरवून घ्यायची. मी सवयीनं सगळ्या शब्दावर एक लांब रेघ ओढली, तर म्हणाली, "आई, हितं सगळ्यांची मिळून एक रेघ नसती. ज्याची त्याला वेगळी." आणि हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचं हसू ऐकलं. गणित मी शिकवायची, वाचायला ती. गुंदच्या शाळेतल्या गुरुजींना जाऊन भेटलो. त्यांनी तिचं नाव पटावर घेतलं आणि म्हणाले, "पोरगी शिकतीया न्हवं? मग परीक्षेला तेवढी आणा."

सगळे दिवस काही गोड नव्हते. एकदा भागाकार चौथ्यांदा चुकला तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. पाटी खाली ठेवून गप्प बसली, वसतिगृहात बसायची तशीच. सासऱ्यांनी ते पाहिलं होतं. ती बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "पोरी, हितं तरी तिला भ्या वाटू नये." त्या दिवसानंतर मी हात उगारला नाही. आवाज मात्र चढायचा, ते खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या वर्षी मळणी संपली आणि सासऱ्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी औषधं दिली, पण वय झालंय, असंही सांगितलं. लेकीनं आपली पुस्तकं आज्जाच्या बाजेपाशी नेली. ती धडा मोठ्यानं वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. शेतकऱ्याच्या धड्यावर एकदा म्हणाले, "ह्ये लिवणाऱ्यानं चिखलात पाय घातलेला न्हाई." तिनं पेन्सिलीनं त्या धड्यावर फुली मारली.

माघातल्या एका सकाळी ती त्यांचे पाय चोळत होती. मी चुलीपाशी होते. "आई, आज्जाचा पाय गारच लागतोय," ती म्हणाली. मी जाऊन पाहिलं, तर ते गेले होते.

दुपारपर्यंत बाजारकुणंगहून पाहुणे आले. त्यांतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "पोरीला शेजारी धाडा. तिनं बघू नये." मीही मान डोलावणार होते. तेवढ्यात तिचे बाबा म्हणाले, "न्हाई. ऱ्हाऊ दे तिला. रोज तीच बसायची त्यांच्याजवळ."

तिनं आपल्या हातानं आज्जाच्या तोंडात पाणी घातलं. त्यांना उचललं तेव्हा ती इतक्या मोठ्यानं रडली, की बायका दचकल्या. मी तिला गप्प केलं नाही. तिच्याजवळ बसून मीही रडले.

पुढं महिनाभर तिनं पुस्तकाला हात लावला नाही, आणि मीही काही म्हणाले नाही. मग एका दुपारी मी तांदूळ पाखडत होते, तेव्हा येऊन समोर बसली.

"आई, मी जोयड्याला जाऊ साळंला?"

"ऱ्हाशील तिथं?"

"व्हय." ती सुपातले खडे वेचायला लागली. "तवा वाटायचं, मी घरात न्हाई तर तुमच्यातलं पण कुणी ऱ्हाणार न्हाई. आता तसं न्हाई वाटत."

घरातलं एक माणूस खरंच गेलं होतं आणि तरी ती हे सांगत होती. मी सूप हलवत राहिले.

गुरुजींच्या शाळेतली परीक्षा ती पास झाली आणि जोयड्याला गेली. आता सातवीत आहे, त्याच वसतिगृहात राहते. पोरीची दोन वर्षं वाया घालवलीस, असं नात्यातले काही म्हणतात. इंग्रजीत ती अजून अडखळते हे खरं, पण मी कुणाशी वाद घालत नाही. शनिवारी ती येते, आल्या आल्या चहा मागते, रविवारी उशिरापर्यंत झोपते. सोमवारी सकाळच्या गाडीला मीच तिला सोडायला जाते. गाडी वळणाआड गेली की जीव अजून गलबलतो. तोवर गोठ्यात गुरं हंबरायला लागलेली असतात, आणि मी घराकडं पाय उचलते.