निघताना काही बोलायचं नसतं

आमच्या मळवलीच्या घरी वर्षातून चार-पाच वेळा इंग्लंडातली माणसं जेवायला येत. सकाळी भाज्याची लेणी, दुपारी 'मराठी घरातलं जेवण', मग पुढचं गाव, असा त्यांच्या सहलीचा बेत असे. स्वयंपाक माझा आणि भाज्याहून येणाऱ्या मावशींचा. बोलणं सगळं ह्यांचं. ह्यांना बोलायची हौस आणि मला गप्प बसायची. संसार त्यावरच नीट चालला. ते पाहुण्यांना सांगत, "लेणी दोन हजार वर्षं उभी आहेत. हे घर मी बांधलंय. पावसाळ्यात या, फरक कळेल." पाहुणे हसत. मी आत भाकरी उलटता उलटता ओट्यावरचं पुस्तक वाचत असे.

हे गेले, त्यानंतर दीडेक महिन्याने सहलीच्या गाइडचा फोन आला. तो तळेगावचा, ह्यांचा जुना स्नेही.

"वहिनी, एक गट आधीच ठरलाय. झेपेल का? नाहीतर लोणावळ्यात हॉटेल बघतो. पुढच्या गटांचंही तुम्हीच सांगा."

या खेपेला मी हो म्हटलं. पण जेवणं उरकली की पुढचं नाही म्हणून सांगायचं, हे मनाशी पक्कं केलं. बोलणारा माणूस गेलेल्या घरात पाहुण्यांनी येऊन करायचं काय?

त्या दिवशी सकाळी मावशींना तसं सांगितलं. त्यांनी परात जरा जोरातच ठेवली. "तुमी ठरवा ताई. मला काय, भाकर हितं थापली काय आन् घरी थापली काय." नेसून मात्र नवं लुगडं आल्या होत्या.

मिनीबस दाराशी थांबली आणि आठ जण उतरले, सगळे पांढऱ्या कुडत्यांत, दुकानातल्या घड्यांसकट. घरात दुःख आहे, आपल्याकडे अशा वेळी पांढरं घालतात, असं गाइडने पढवलं असणार. मावशी खिडकीतून बघत होत्या.

"बया! पाव्हणं हाईत का पुढारी? मतं मागाया आल्यात जनू."

एकेकाने ह्यांच्या फोटोला हात जोडले आणि सगळे मुकाट्याने पानावर बसले. इंद्रायणीचा भात, आमटी, भरली वांगी, भाकरी. कोणी बोलेना. एका आजोबांनी पापडाचा तुकडा मोडला, तो कर्रकन वाजला, आणि देवळात शिंक आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग बाकीच्यांनी धडा घेतला. सगळे पापड आमटीत गेले. आठ शिकलीसवरली माणसं पापड मऊ व्हायची वाट बघत बसली.

"दात न्हाईत व्हय यांना?" मावशी कुजबुजल्या.

मला हसू फुटलं. पदर तोंडात धरला तरी आवरेना. हे असते तर या पापडांवर आठवडाभर बोलले असते. आता ते बघणारी मी एकटीच होते, आणि मी काही बोलले नाही तर ते घडलंच नाही असं झालं असतं.

मी माझं ताट घेऊन बाहेर आले, त्यांच्यात बसले आणि पापड मुठीत धरून चुरला. चांगला वाजवून खाल्ला. माझं इंग्रजी वाचायचं, बोलायचं नव्हे. तरी जुळवून म्हटलं, "पापड वाजतो म्हणूनच करतात."

आधी आजोबा हसले, मग सगळेच. मावशींनी नवे पापड भाजले आणि घर वाजू लागलं. एका बाईंनी विचारलं, लेण्यातल्या त्या दगडी ओट्यांवर भिक्षूंना झोप कशी लागत असेल? म्हटलं, "शेजारी घोरणारा नवरा नसे. लागत असेल." बोलून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

निघायच्या वेळी मात्र गाडं अडलं. दुःखाच्या घरातून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नसतं. न बोलता चालू पडायचं. गाइडने हेही पढवलेलं. पण आभार मानल्यावाचून निघायचं कसं, हे त्या लोकांना ठाऊकच नाही. आठही जण अंगणात खोळंबले. कोणी घातलेल्या चपला काढून पुन्हा घातल्या. त्या बाई तोंड उघडत, गाइडकडे बघत आणि पुन्हा मिटत. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तरी कोणी हलेना.

गाइड जवळ आला. "वहिनी, मग पुढचं काय ठरवलंत?"

नकाराचं वाक्य तयार होतं. पण गेले कित्येक दिवस माणसं माझ्या दारातून न बोलता उठून जात होती. रीत म्हणून बरोबरच होतं ते. प्रत्येकाच्या मागे दार लावताना मात्र वाटे, हा काही आता परत येत नाही.

"या," मी म्हटलं. अंगणभर ऐकू जाईल असं.

गाइडने त्यांना अर्थ सांगितला आणि आठ तोंडं एकदम सुटली. आमटीचे आभार, पापडाचे आभार, मावशींच्या लुगड्याचेसुद्धा. बस बऱ्याच उशिराने निघाली.

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आसं म्हनत्यात व्हय दुःखाच्या घरात?"

"नाही म्हणत. मी म्हटलं खरं."

"मंग पुढच्या बारीला वांगी मी आनते, कामशेतास्नं. तुमी आनलेली समदी बियांची व्हती."