टेकू कुणी काढला?

खडकावर कुशीला पडलेली ती पांढरी बोट अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. या प्रकरणात कुणाला ओरखडाही आला नव्हता आणि शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही. तरी कुणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की माझ्या तोंडी हीच येते.

तेव्हा मी वरळी-दादर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपून, रात्रीच्या ड्युटीवरच्या अंमलदाराकडून डायरी समजून घेत चहा पीत होतो, तेवढ्यात नियंत्रण कक्षाचा निरोप आला. कोळीवाड्याजवळच्या टॉवरमधल्या एका गृहस्थांनी कळवलं होतं की, खाली खडकावर काही माणसं एक महागडी शिडाची बोट दोर लावून पाडत आहेत. गृहस्थ मोठे दक्ष. त्यांनी मोबाइलवर चित्रणही केलं होतं आणि आम्ही पोहोचेपर्यंत ते निम्म्या वरळीने पाहून झालं होतं.

मीही ते जीपमध्येच पाहिलं. बोट उथळ पाण्यात ताठ उभी, दोन्ही बाजूंना लाकडी टेकू. किनाऱ्याकडून एक तिशीतली बाई तरातरा येते, खांद्याची पर्स एका कोळिणीच्या हातात देते आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरते. तिथल्या तांडेलाशी, म्हणजे कोळ्यांच्या म्होरक्या नाखव्याशी, तिची बाचाबाची होते. मग डोलकाठीच्या टोकाचा दोर ती काठावरच्या चौघांना ओढायला लावते आणि किनाऱ्याच्या बाजूचा टेकू स्वतः लाथ मारून उडवते. बोट कलंडते. चित्रण तिथेच संपत होतं. इतका आयता पुरावा मला उभ्या नोकरीत क्वचित मिळाला असेल.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी बरंच मागे गेलं होतं आणि बोट किनाऱ्याकडे कलून पूर्ण आडवी झाली होती. तिच्या कुशीखाली केबिनमधल्या गाद्या, जुने टायर आणि फाटकी जाळी कोंबलेली. पुढच्या टोकाचा एक जाड दोर खडकांवरून थेट समुद्रात जाऊन दिसेनासा झाला होता.

मालकही धावतपळत आला. गिरगावचा, धंद्यात मुरलेला, चाळिशीचा माणूस. बोट एरवी कुलाब्याच्या बाजूला नांगरलेली असे. ती इथे कशी आली, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणली कुणी, याबद्दल मात्र त्याला तिळमात्र शंका नव्हती.

“हीच ती बाई, साहेब. माझ्या वडिलांना बोट चालवायला शिकवायला ठेवली होती. वडिलांचं हृदयाचं दुखणं निघालं, मी बोट बंद केली, हिला काढून टाकलं. त्याचा सूड उगवलाय तिने. बॅटरी नाही, डिझेलचे कॅन नाहीत, गॅसची टाकी नाही, नांगरसुद्धा नाही. गुन्हा नोंदवा!”

“वडील कुठे आहेत?” मी विचारलं.

“घरी. पेपर वाचत असतील. त्यांना यातलं काही कळवू नका. डॉक्टरांनी त्रास होऊ द्यायचा नाही म्हणून सांगितलंय.”

त्या बाईचं नाव ऐकून आमच्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. एका सरकारी प्रशिक्षण केंद्रात नौकानयनाची शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचे कागद आमच्याच ठाण्यात येऊन पडले होते. लालबागच्या चाळीत वाढलेली, आता आमच्या हद्दीत भाड्याने राहणारी मुलगी. एक गुन्हा दाखल झाला असता तर ती नोकरी गेलीच असती. हे तिलाही चांगलं माहीत होतं.

बीट चौकीत महिला अंमलदाराला बसवून मी विचारपूस सुरू केली. तिचे कपडे ओले होते, हातांना खरचटलं होतं, पण नजर सरळ होती.

“टेकू कुणी काढला?”

“मी काढला.”

“का?”

“काढायलाच हवा होता, साहेब.”

“केबिनमधलं सामान?”

“मीच बाहेर काढायला लावलं.”

“बोट इथे आणली कुणी?”

यावर तिने मूग गिळले. मी आवाज चढवला, पडताळणीच्या कागदांची आठवण दिली, मालकाची लेखी तक्रार वाचून दाखवली. तिचा चेहरा उतरला, पण ती बोलली भलतंच.

“साहेब, माझं काय करायचं ते नंतर करा ना. मी कुठे पळून जातेय? फक्त भरती भरेपर्यंत त्या बोटीला कुणाला हात लावू देऊ नका. आणि समुद्रात गेलेला तो दोर कुणी कापू नका. तो कापला ना, तर संपलं सगळं.”

चौकशीला बसलेली माणसं मी हजारांनी पाहिली आहेत. खोटं बोलणारा माणूस वेळ मागतो तो स्वतःसाठी. वकील येऊ दे, भाऊ येऊ दे, जरा आठवू दे. ही बोटीसाठी वेळ मागत होती. मला बोटीतलं काही कळत नव्हतं, पण माणसातलं थोडंफार कळत होतं.

बाहेर मालकाने एक मोठी लाँच मागवायची तयारी चालवली होती. दोर कापून, बोटीला साखळी बांधून ती फरफटत काढायची. मी त्याला थांबवलं. “बोट ही घटनेची जागा आहे. पंचनामा पुरा होईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही,” असं सांगून दोन शिपाई पहाऱ्याला उभे केले. पंचनामा किती सावकाश लिहायचा, हे शेवटी अधिकाऱ्याच्या हातात असतं.

“आणि बोट फुटली तर जबाबदार कोण?” मालक खवळला.

“मी,” म्हणालो. आणि पंचनाम्याचा कागद पुढे ओढला.

मग तांडेलाकडे गेलो. साठीचा, काळाभोर, खणखणीत आवाजाचा माणूस. चोरीचा माल शोधावा लागलाच नाही. बॅटरी, कॅन, गॅसची टाकी सगळं त्याच्या ओट्यावर मांडून ठेवलेलं.

“माझ्याच घरान ठेवलंय, सायेब. आडव्या बोटीत डिझेल ठेवलं तर सांडनार नाय? नि नांगर आमी होडीतून नेऊन खोल पान्यात टाकलाय. भरती बोटीला अजून वर खडकावर ढकलते, तो नांगर तिला धरून ठेवनार.”

“मग तुमचं भांडण कशावरून झालं?”

तो हसला. “चुकी माझी. आमच्या होड्यांचं बूड रुंद. पानी उतरलं की आमी दोन बाजूंना टेकू देतो नि घरी जातो. हात सवयीनं चालला. हिच्या पोटाखाली ती जड लोखंडी पाती, काय म्हनतात, कील. तिच्यावर बोट उभी राहते का? बाई आली नि माझ्यावरच उखडली. बोलली, खडकाला शेवाळ हाय, टेकू सटकला नि ती दर्याच्या बाजूला पडली, तर भरती पयली तिच्या पोटात शिरेल. पडायचीच हाय तर आपन पाडू, किनाऱ्याच्या अंगाला, गादीवर. मंग पानी आलं की ती आपली आपन उठेल. मी बोललो, बाय, चाळीस वर्सं दर्यात गेली माझी. ती बोलली, काका, चाळीस वर्सांत अशी बोट कधी सुकीवर लागली होती का तुमची? मंग काय बोलनार मी!”

म्हणजे ज्याला मी नासधूस समजत होतो ती शुश्रूषा होती. दिसतं तसं नसतं, ही म्हण पोलिसाने रोज सकाळी एकदा म्हणावी. पण खरा प्रश्न तसाच होता. चित्रणात बाई किनाऱ्यावरून, पर्स घेऊन आली होती. म्हणजे बोट खडकाला लागली तेव्हा ती बोटीवर नव्हती. मग कोण होतं?

तांडेलाने मान फिरवली. “ते नाय सांगनार.”

“चौकशीत अडथळा आणलात तर तुम्हालाही आत घेईन.”

“घ्या. पन आमच्याकडं रीत हाय. ज्याच्या हातात सुकान, बोट कशी लागली ते त्यानंच सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलं की तो मानूस संपला. परत त्याच्याबरोबर कोन दर्यात जात नाय.”

त्याच्या मागे दाराला पडदा होता आणि आत कुणीतरी खोकलं. वाळत घातलेली एक पँट ओट्याच्या टोकाला टपटपत होती. ती त्या घरातल्या कुणाची वाटत नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझं झालं होतं. पडदा बाजूला करायला मला एक पाऊल पुरलं असतं. पण ती रीत माझ्या कानात होती. मी फक्त पडद्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “ठीक आहे. ज्याच्या हातात सुकाण होतं त्याला एवढंच कळवा, की बाईला चौकीत बसवून ठेवलंय. ती कुणाचंही नाव घेत नाही. आणि तिची सरकारी नोकरी यात जाणार आहे.”

चौकीत परतून खुर्चीवर बसतो न बसतो तोच दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. अंगात तांडेलाचा सैल शर्ट, खाली त्याचीच लुंगी, पायात काही नाही. मालक ताडकन उठला.

“बाबा? तुम्ही इथे?”

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे न बघता मला नमस्कार केला. “इन्स्पेक्टर, बोट मी आणली. पहाटे एकटाच निघालो. वारा पडला, पाणी ओसरत होतं, मला खडक दिसला नाही. बोट खडकाला मी लावली. या मुलीला फोन केला तो मीच. मुलाला सांगू नकोस, म्हणून शपथ घातली तीही मीच. दमलो होतो, या लोकांनी पेज पाजून झोपवलं. हिला इथे बसवलंय हे मला माहीत नव्हतं.” मग ते मुलाकडे वळले. “तुला सांगितलं असतं तर तू बोट विकली असतीस. त्या भीतीने मी हिला बळी देत होतो. आता काय विकायचं ते विक.”

मुलगा खाली बसला. रागाने आला होता तो माणूस, पण वडील एकटे समुद्रात होते, हे आता कळल्यावर त्याचा सगळा राग उतरला. त्याने लेखी तक्रार माझ्या टेबलावरून उचलली आणि घडी करून खिशात घातली.

उन्हं कलली तशी भरती आली. आम्ही सगळेच खडकाजवळ जाऊन उभे राहिलो. आधी पाणी बोटीच्या पोटाला लागलं. लाटा तिच्या पाठीवर फुटत होत्या, डेक किनाऱ्याकडे असल्याने आत थेंब जात नव्हता. काही वेळ काहीच घडेना. मग गाद्यांवरून ती किंचित हलली. परत टेकली. परत हलली. बाई आणि तांडेल बोटीवर चढले, समुद्रातला तो दोर थोडाथोडा करून ओढत राहिले आणि ती बोट, आजारी माणूस हाताला धरून उठावा तशी, उठत उठत सरळ झाली. कोळीवाड्यातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, वर्दीत नसतो तर मीही वाजवल्या असत्या.

तिने वरून म्हाताऱ्यांना हाक मारली, “सर, या! सुकाण तुम्हीच धरायचं.” म्हातारे मुलाकडे पाहू लागले. मुलाने बूट काढले, पँट दुमडली, वडिलांचा दंड धरला आणि दोघं होडीत बसून बोटीकडे गेले.

तिची पडताळणी मी दुसऱ्याच दिवशी ‘प्रतिकूल काही नाही’ असा शेरा मारून पाठवली. त्या कागदांवर सही करायला आली तेव्हा मी तिला विचारलंच, “एक नाव घेतलं असतंस तर पाच मिनिटांत सुटली असतीस. नोकरी पणाला का लावलीस?”

ती म्हणाली, “नोकरी दुसरी मिळाली असती, साहेब. मी सांगितलं असतं तर ते मुलासमोर चोरासारखे पकडले गेले असते. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, म्हणून परत सुकाण धरू शकले.”

कबुलीजबाब कसे काढायचे, हे मला नोकरीने शिकवलं. दरडावून, गोंजारून, पुरावे समोर टाकून मी ते पुष्कळ काढले आणि त्याचा मला अभिमानही होता. माणसाला स्वतःच्या पायांनी चालत येऊन कबूल करता यावं, एवढी जागा त्याच्यासाठी सोडावी, हे मात्र मला त्या मुलीने आणि त्या तांडेलाने शिकवलं. नोकरीचे उरलेले दिवस कुणाच्याही दाराचा पडदा बाजूला करण्यापूर्वी मी एकदा बाहेरून आवाज देत असे. सगळे आले नाहीत. पण जे आले, ते मान वर करून आले.